नियम ओहमचा, आकृती कोणाची?

समजा, तुमच्या वर्गातील दहा जणांनी मिळून मराठी विकिपीडियावर ‘ओहमचा नियम’ हा लेख लिहावयास घेतला. नऊ जणांनी स्वतःच्या शब्दांत लिहिले. दहाव्याने एका पुस्तकातील दोन परिच्छेद व एक आकृती जशीच्या तशी उतरवली. यात काय बिघडले?

ओहमने १८२७ साली मांडलेला नियम कोणाच्याही मालकीचा नाही. भारताचा १९५७ चा कॉपीराइट कायदा कल्पनेला किंवा वस्तुस्थितीला नव्हे, तर तिच्या मांडणीला, म्हणजे वाक्यांना व आकृत्यांना, संरक्षण देतो. एका नाटकावरून चित्रपट काढल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हेच तत्त्व सांगितले. तेव्हा प्रयोगशाळेत स्वतः जोडलेल्या मंडलाची तुम्ही काढलेली आकृती तुमची. पुस्तकातील आकृतीवर पातळ कागद ठेवून ती गिरवली, तर मात्र नक्कलच!

“पण सर, आम्ही पैसे थोडेच मिळवतो?” हा प्रश्न हमखास येतो. वर्गात शिकवताना किंवा शिकताना उतारा उतरवून घेण्याची मुभा कायद्याच्या ५२ व्या कलमात आहे. विद्यापीठातील अभ्यासक्रमासाठी काढलेल्या झेरॉक्स-संचांनाही या कलमाचा आधार मिळू शकतो, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मानले. परंतु विकिपीडिया म्हणजे वर्ग नव्हे. तेथे लिहिणारा प्रत्येक जण आपला मजकूर कोणीही, अगदी विक्रीसाठीसुद्धा, वापरावा अशी परवानगी साऱ्या जगाला देतो. अट इतकीच, की श्रेय द्यावे व बदललेला मजकूरही त्याच मोकळिकीने पुढे द्यावा. आपल्या दहाव्या मित्राने परवानगी दिली ती दुसऱ्याच्या मालाची! असा मजकूर आढळला की तो काढून टाकतात. त्यावर इतरांनी चढवलेले संस्कार, केलेल्या दुरुस्त्या, हेही मग त्याच्याबरोबर जाते. नऊ जणांच्या मेहनतीला धोका असतो तो येथे.

जुन्या पुस्तकांचे काय? लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे टिकतो. साने गुरुजी १९५० मध्ये वारले. १९५१ पासून ६० वर्षे मोजली की २०१० अखेर मुदत संपते. म्हणून १ जानेवारी २०११ पासून त्यांची अशी पुस्तके सर्वांना खुली झाली. पु. ल. देशपांडे २००० मध्ये वारले. त्यांची पुस्तके केव्हा खुली होतील, ते आता तुम्हीच काढा. उत्तर २०६० आले, तर पुन्हा एकदा मोजा.