'कपिंग'ला फ्रेंचमध्ये काय म्हणतात?

"फ्रेंच शिकून पुढे काय? आता तर मोबाइलच भाषांतर करतो!" बारावीच्या निकालानंतर पालक हे हमखास विचारतात. शंका रास्त आहे. उत्तरासाठी एक अगदी छोटं क्षेत्र पाहू: मसाजच्या पुस्तिकांचं इंग्रजीतून फ्रेंचमध्ये भाषांतर.

सोपं वाटणारं काम

मसाजच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांतले एफ्लराज, पेत्रिसाज, तापोतमाँ हे शब्द मुळात फ्रेंचच. एकोणिसाव्या शतकातले डच डॉक्टर योहान मेझगर यांच्यामुळे ते रूढ झाले, असं मानलं जातं. पेत्रिसाज म्हणजे मळणं. फ्रेंच माणूस स्नायू मळतो त्याच क्रियापदाने कणीकही मळतो. म्हणजे माहेरचे शब्द माहेरी पोचवायचे, झालं!

पण पुढच्याच ओळीत येतं, "पाठीवर कपिंग करा." आता त्वचेवर पेले चिकटवायचे, की तळवा खोलगट करून थापा मारायच्या? इंग्रजीत दोन्हींना कपिंगच म्हणतात. फ्रेंचमध्ये पेल्यांना 'व्हाँतूज' म्हणतात, थापा हा 'पेर्क्युसियाँ'चा प्रकार. त्याखालच्या वाक्यात "मनगट सैल ठेवा" असेल, तर थापाच. हे शब्दकोशात सापडत नाही. हात कसा चालतो, हे ठाऊक असावं लागतं.

वाचक कुठला, हेही पाहावं लागतं. फ्रान्समध्ये फिजिओथेरपिस्टला 'मास्यर-किनेझितेराप्योत' म्हणतात. 1946च्या कायद्याने या व्यवसायाची पदविका ठरली. 'मसाज' हा शब्द दीर्घकाळ त्यांच्याच हक्काचा मानला गेला, म्हणून तिथल्या ब्युटी सलूनच्या दरपत्रकात 'मोदलाज' दिसतं. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये मात्र 'मासोतेरापी' सर्रास चालतं.

तयारी कशी करावी?

फ्रेंचच्या डेल्फ परीक्षेची बी-2 पातळी हा पाया समजा. व्यावसायिक भाषांतरासाठी त्यापुढच्या दाल्फ परीक्षेच्या सी-1 पातळीकडे नजर हवी. पुण्या-मुंबईत फ्रेंच शिकवणारी अलियाँस फ्रान्सेज आहे, दोन्ही शहरांतल्या विद्यापीठांत फ्रेंचचं शिक्षण मिळतं. सोबत एक विषय पक्का धरा. फिजिओथेरपी शिकणाऱ्या मुलीने फ्रेंचही केलं, तर नुसत्या भाषेच्या पदवीधरापेक्षा तिचं पारडं जड.

हातचं राखून न ठेवता

फ्रेंचमध्ये लिहिण्याचं काम बहुधा ज्यांची मातृभाषा फ्रेंच आहे त्यांच्याकडे जातं. आपल्या मुलांना फ्रेंचमधून इंग्रजीत किंवा मराठीत भाषांतर, शब्दसूची आणि यंत्राने केलेल्या मजकुराची तपासणी ही कामं जास्त जवळची. शिवाय एकट्या मसाजवर घर चालणार नाही. वैद्यकीय उपकरणं, औषधं, पर्यटन अशी जोड हवीच.

या सुट्टीत मुलांना वीस शब्दांची वही करू द्या. प्रत्येक शब्दापुढे हात नेमकं काय करतो, ते एका वाक्यात लिहायचं. वही पुरी झाली की सहज विचारा, "कपिंगला फ्रेंचमध्ये काय म्हणतात?" उत्तर देण्याआधी मुलाने "कुठलं कपिंग?" असं विचारलं, तर फी वाया गेलेली नाही.