मॉस्को येथील एक पारितोषिक

इ. स. १९५८ च्या वसंतऋतूंत मॉस्को येथें चायकोव्हस्की ह्या रशियन संगीतकाराच्या नांवें पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. आदल्याच वर्षीं रशियानें स्पुटनिक आकाशांत सोडला होता; रशिया व अमेरिका हीं राष्ट्रें एकमेकांकडे संशयानें पाहत होतीं. अशा समयीं टेक्सस प्रांतांतील व्हॅन क्लायबर्न हा २३ वर्षांचा उंच, शिडशिडीत तरुण तेथें पियानो वाजविण्यास गेला.

त्याची पहिली गुरु त्याची माताच होय. वयाच्या तिसऱ्या वर्षापासून सतराव्यापर्यंत तिनेंच त्यास शिकविलें. पुढें न्यूयॉर्क येथें त्यास लाभलेल्या गुरु रोझिना लेव्हिन ह्या मॉस्कोच्याच संगीतविद्यालयांत तयार झाल्या होत्या. म्हणजे रशियन श्रोत्यांस जें परकें वाटावें, तें अर्धेंअधिक त्यांच्याच घरचें होतें!

अंतिम फेरींत त्यानें चायकोव्हस्की व राखमानिनोव्ह ह्यांच्या रचना वाजविल्या. श्रोते उभे राहिले, टाळ्या थांबेनात. परीक्षक मात्र पेंचांत पडले. प्रतिपक्षाच्या मुलास पहिलें पारितोषिक द्यावें काय? अखेर पंतप्रधान क्रुश्चेव्ह ह्यांस विचारण्यांत आलें. “सर्वोत्तम तोच आहे काय?” एवढेंच त्यांनीं विचारलें, व होकार मिळतांच “मग त्यालाच द्या” म्हणाले, असें सांगतात. दुसरें पारितोषिक रशियाचा व्लासेंको व चीनचा ल्यू शीकुन ह्यांस विभागून मिळालें.

न्यूयॉर्कनें भर रस्त्यांत कागदी फितींची वृष्टि करून त्याचें स्वागत केलें. कार्नेगी सभागृहांत तो पुन्हां वाजवावयास बसला, तेव्हां वाद्यवृंदाचें संचालन करावयास मॉस्कोचे किरिल कोंद्राशिन मुद्दाम आले होते.