भरल्या ताटावरून उठणारी मुले



न खाण्याला आपल्याकडे मान आहे. संकष्टी, आषाढी एकादशी, हरितालिका, नवरात्र हे उपवास घरोघरी होतात आणि मुलेही हौसेने करतात, अर्थात एक डोळा साबुदाण्याच्या खिचडीवर ठेवून. दुसरा शब्द उपोषण. तो सीमाभागाला शिकवावा लागत नाही. १९६६ साली सेनापती बापट वयाच्या ८५ व्या वर्षी सीमाप्रश्नासाठी उपोषणाला बसले आणि त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात महाजन आयोग नेमला गेला. आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. हिंदीतही व्रत आणि अनशन असे दोन वेगळे शब्द आहेत. परंतु न खाण्याचा एक तिसरा प्रकार आहे. त्याला ना हिंदीत घरगुती शब्द, ना मराठीत. नाव नसल्यामुळे तो घरात असूनही ओळखू येत नाही.

डॉक्टर त्याला ॲनोरेक्सिया नर्व्होसा म्हणतात. लंडनचे डॉ. विल्यम गल यांनी १८७३ साली हे नाव दिले. म्हणजे हा टीव्ही आणि मोबाईलने आणलेला आजार नव्हे, त्यांनी त्याला खतपाणी घातले इतकेच. मूल वाळत जाते, तरी आरशात त्याला आपण जाडच दिसतो. भाकरी चतकोरावर येते, डबा मैत्रिणीला दिला जातो, आठवड्याचे उपवास एकाचे तीन होतात आणि घरात कौतुक होते की पोर किती श्रद्धाळू! पुढे पाळी थांबते, थंडी सोसवत नाही, नाडी मंदावते. दुसरा आजार बुलिमिया. त्यात एकदम भरपूर खाऊन मग ओकून टाकले जाते. वजन फारसे बदलत नाही, म्हणून संशयही येत नाही. पण दातांची झीज होते, रक्तातले पोटॅशियम उतरते आणि हृदयाचे ठोके चुकू शकतात. मानसिक आजारांत सर्वाधिक जीव घेणाऱ्यांमध्ये ॲनोरेक्सियाची गणना होते.

हे मुलींचेच दुखणे असे समजू नये. आपल्या भागात तालमीत जाणारी मुले पुष्कळ. वजनी गटात बसण्यासाठी पाणी तोडणे, घाम काढणे हे प्रकार त्यांना ठाऊक असतात. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत असे वजन उतरवताना महिनाभरातच तीन महाविद्यालयीन मल्ल दगावले. त्यानंतर तिथले नियम बदलण्यात आले.

आता खऱ्या प्रश्नाकडे वळू. मूल म्हणते, "माझे शरीर, मला नको." या नकाराचा मान राखायचा का?

उपोषणाच्या बाबतीत जगातील डॉक्टरांनी उत्तर दिलेले आहे. जागतिक वैद्यकीय संघटनेचा माल्टा जाहीरनामा १९९१ चा. शुद्धीत राहून, समजून उमजून उपोषण करणाऱ्या माणसाला जबरदस्तीने भरवू नये, असे त्याचे सांगणे आहे. मणिपूरच्या इरोम शर्मिला यांना २००० ते २०१६ अशी जवळजवळ सोळा वर्षे नाकातील नळीने अन्न देण्यात आले, त्यावर म्हणूनच वाद झाला. त्या प्रौढ होत्या, त्यांची मागणी स्पष्ट होती आणि ती मान्य झाली असती तर त्या जेवणार होत्या. आजारी मुलीची कोणती मागणी असते? काहीही दिले तरी ती जेवू शकत नाही.

याचे कारण उपाशी मेंदूत आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने सहा महिने अर्धपोटी ठेवले. ते तरुण चिडखोर झाले, मित्रांपासून तुटले, दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, काहीजण तर पाककृतींची पुस्तके जमवू लागले. धडधाकट माणसांची ही गत, तर पंधरा वर्षांच्या मुलीची काय होईल? १९९२ साली इंग्लंडमधील अपील न्यायालयापुढे अशाच एका सोळा वर्षांच्या मुलीचे प्रकरण आले. तिला दुसऱ्या रुग्णालयात जायचे नव्हते. उपचार नाकारण्याची इच्छा हा आजारच निर्माण करतो, हे लक्षात घेऊन न्यायालयाने तिच्या इच्छेविरुद्ध उपचाराची परवानगी दिली.

आम्हाला हा निर्णय योग्य वाटतो. मात्र त्यावरून घरात दांडगाई करण्याची मोकळीक मिळते असे कोणी मानू नये. चार जणांनी हात धरून घास कोंबणे हा उपचार नव्हे. गुपचूप दुधात पावडर आणि भाजीत तूप मिसळणेही नको. एकदा कळले की मूल आईच्या हातचे पाणीदेखील संशयाने पाहते. शिवाय फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपूर खाऊ घातले तर रक्तातील फॉस्फरस घसरून जीव जाऊ शकतो. वाढ डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू करायची. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात विकसित झालेल्या पद्धतीत काही काळ जेवणाचे सर्व निर्णय आईवडील घेतात, रोज मुलासोबत पंगतीला बसतात, दोष आजाराला देतात, मुलाला नाही. वजन सावरू लागले की निर्णय टप्प्याटप्प्याने मुलाकडे परत जातो. एकत्र जेवणाऱ्या आपल्या घरांना हे अवघड जाऊ नये.

भरती करण्याची वेळ आली तर कायदा माहीत असावा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा, लागू झाला २०१८ मध्ये. तो संसदेचा असल्यामुळे बेळगाव, धारवाड आणि कोल्हापुरात सारखाच आहे. अठरा वर्षांखालील मुलाला मानसोपचार रुग्णालयात ठेवणे हा अपवादाचा मार्ग मानलेला आहे. एका मानसोपचारतज्ज्ञाने आणि आणखी एका डॉक्टरने किंवा तज्ज्ञाने स्वतंत्रपणे तपासावे लागते, मुलाची इच्छा विचारात घ्यावी लागते, त्याला प्रौढांपासून वेगळे ठेवावे लागते आणि ७२ तासांत मंडळाला कळवावे लागते. सही पालकाची असते. मुलीसोबत बाईमाणूस सतत हवेच. आपल्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, संमती घेण्यापूर्वी धोके, फायदे आणि पर्याय समजेल अशा भाषेत सांगितले पाहिजेत. कागद कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर मराठीतून समजावून मागावे. ही मेहरबानी नव्हे, हक्क आहे. "पुढे लग्नाला आडवे येईल" या भीतीने पुष्कळ घरे फाईलच उघडू देत नाहीत. पण माहिती गुप्त ठेवण्याचे बंधनही याच कायद्यात आहे.

सुरुवात नेहमीच्या डॉक्टरांकडून करावी. नाडी, रक्तदाब, रक्त तपासून घ्यावे. पुढे बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, धारवाडला डिमहान्स संस्था आहे, निपाणीकरांना कोल्हापूर जवळ पडते. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर मोफत बोलता येते.

विश्वस्त मंडळापुढे आम्ही दोन गोष्टी ठेवल्या आहेत. उंची-वजनाची नोंद वर्गात सर्वांसमोर न घेता एकेकाला बोलावून घ्यावी आणि आकडा मोठ्याने वाचू नये. तसेच "घरी सांगू नका" अशी अट घालून मूल शिक्षकांशी बोलू लागले, तर शिक्षकांनी तसे वचन देऊ नये. घरी सांगावे लागेल हे त्याला आधी सांगावे, कोणाला आणि कोणत्या शब्दांत सांगायचे हे त्याच्याबरोबर बसून ठरवावे. पालकांची मते पुढील पालकसभेपर्यंत लेखी मिळाल्यास बरे होईल.