टॅक्स कापलाच नाही म्हणून खूष होते

सांगलीत पतसंस्थेत नऊ वर्षं खाती लिहिली होती. आकड्यांत मला कोण गंडवणार, असा तोरा होता. इंग्लंडात स्लाऊला आल्यावर एका चौकटीतल्या टिकेनं तो उतरवला, आणि ती टीक माझ्याच हातची होती.

२०२४ साली मी एका दुकानात आठवड्याला १६ तास काम करत होते. किमान वेतन ताशी ११.४४ पौंड, म्हणजे महिन्याला साधारण ७९३. टॅक्स शून्य. सप्टेंबरच्या मध्यात एका केअर होमच्या स्वयंपाकघरात आणखी १२ तासांचं काम मिळालं. पहिल्याच दिवशी एप्रन, केसांची जाळी आणि कागदांचा गठ्ठा एकदम हातात आला. त्यात ‘स्टार्टर चेकलिस्ट’ होती. ए, बी, सी अशी तीन विधानं, त्यातलं एक निवडायचं. शेजारी भाजी चिरणारी म्हणाली, "ए करून टाक, टॅक्स कापत नाहीत." मी करून टाकलं. ए म्हणजे ६ एप्रिलपासूनची ही माझी पहिलीच नोकरी. दुसरी नोकरी चालू असेल तर सी. हे सगळं तिथेच छापलेलं होतं, पण कांद्याचं पोतं वाट बघत होतं.

आता त्या टिकेवरून मालक लावतो तो टॅक्स कोड काय असतो ते सांगते, कारण मलाही ते वर्षभर उशिरा कळलं. इथे वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंतच्या कमाईवर प्राप्तिकर नाही. त्यातला शेवटचा आकडा उडवून पुढे एल लावला की झाला कोड : १२५७ एल. या नोकरीत वर्षाला एवढी रक्कम मोकळी सोड, हा मालकाला दिलेला निरोप. बस. तुम्ही किती तास राबता, दुसरीकडे काय कमावता, याचा कोडला पत्ता नसतो. माझ्या दोन्ही पेस्लिपांवर १२५७ एल होतं. म्हणजे एकाच रेशनकार्डावर मी दोन दुकानांतून साखर उचलत होते.

जानेवारीत केअर होमनं तास १२ चे २० केले. पगार ५९५ वरून ९९१ वर गेला आणि टॅक्सचा एक पौंडही कापला गेला नाही. महिन्याची मोकळी मर्यादा १,०४८ च्या आसपास, त्याच्या आत बसला ना! दोन्ही पगार वेगवेगळे मर्यादेच्या आत, बेरीज मात्र १,७८४. पतसंस्थेत असं खातं कुणी समोर आणलं असतं तर मी चष्मा पुसून दोनदा पाहिलं असतं. स्वतःच्या खात्याला ती शिस्त लावली नाही. नवऱ्याला म्हटलंसुद्धा, "अहो, इथे टॅक्सचा उगाच बाऊ करतात."

एप्रिल २०२५ मध्ये किमान वेतन १२.२१ झालं. केअर होमचा पगार मर्यादेच्या जरासा वर गेला आणि पेस्लिपवर पहिल्यांदा टॅक्स दिसला, जेमतेम दोन पौंड. मला वाटलं, आता नियमात बसलो.

ऑगस्टात पी-८०० नावाचं पत्र आलं. करखातं वर्ष संपल्यावर हिशोब जुळवतं आणि फरक निघाला तर हे पत्र पाठवतं. एप्रिलमध्ये संपलेल्या आदल्या करवर्षात मी १४,६८८ पौंड कमावले होते. त्यातून १२,५७० गेले, उरलेल्यावर २० टक्क्यांनी ४२३ पौंड देणं. वर चालू वर्षाचे पाच महिने तसेच गेले होते, आणि आता तास जास्त असल्यामुळे देणं दरमहा १७० च्या आसपास साठत होतं. त्या रात्री मी पेस्लिपच्या पाठीवर तीनदा बेरीज केली. तिन्ही वेळा तीच आली.

करखात्याच्या फोनवर पाऊण तास संगीत ऐकल्यावर एक शांत आवाजाची बाई भेटली. तिनं मोकळी मर्यादा जिथे पगार मोठा त्या केअर होमकडे ठेवली आणि दुकानाला बीआर कोड लावला. बीआर म्हणजे पहिल्या पौंडापासून सरसकट २० टक्के. चालू वर्षाची थकबाकी मार्चपर्यंतच्या पगारांत वाटली. नेहमीचा टॅक्स धरून महिन्याला तीनशेच्या घरात जात होते. करवर्ष बदललं की जुन्या ४२३ साठी माझा कोड १०४५ एल होणार आणि दरमहा पस्तीसेक पौंड जाणार, असं ठरलं. दंड नाही, ओरडा नाही. पण गणपतीत घरी जायचं तिकीट मात्र काढता आलं नाही.

इथल्या आमच्या मंडळात बायका आता मला विचारतात, मग सी केलं असतं तर सगळं बरोबर झालं असतं का? तसंही नाही. तेव्हा दुकानात माझी मर्यादा पुरी वापरलीच जात नव्हती, तीन हजार पौंड शिल्लक पडत होते. सी केल्यावर दुसऱ्या नोकरीला बीआर लागला असता आणि सहाशेच्या वर जास्त कापले गेले असते. ते परत मिळतात, चार वर्षांपर्यंत मागता येतात, पण तोवर अडकून राहतात. अशा वेळी मर्यादा दोन नोकऱ्यांत वाटून मागायची. मागितल्याशिवाय बहुधा कोणी देत नाही.

तास वाढले की मी आता करखात्याच्या ॲपमध्ये जाऊन वर्षाच्या कमाईचा अंदाज बदलते. कोड ठरवताना करखातं तो अंदाज धरतं. पेस्लिपवर कोडच्या मागे एम१, डब्ल्यू१ किंवा एक्स दिसला तर तिथेच थांबते. त्याचा अर्थ मागचे महिने न मोजता प्रत्येक पगाराचा हिशोब सुटा चाललाय. ज्यांनी आपल्या मर्यादेतले १,२६० पौंड नवऱ्याच्या नावे केलेत, त्यांच्या कोडला शेवटी एन असतो. तास वाढून कमाई मर्यादेपलीकडे गेली की ती सवलत सहसा बसत नाही. ती रद्द करायचं आपणच लक्षात ठेवायचं.

नॅशनल इन्शुरन्सचा हिशोब निराळा. तो प्रत्येक नोकरीचा वेगळा धरतात, त्यामुळे तिथे माझं काहीच बुडालं नव्हतं. एका नोकरीत वर्षाला दहा हजारांवर कमाई गेली की पेन्शनची कपातही सुरू होते. तिला टॅक्स समजून घाबरू नका.

आणि ‘जास्त तास घेतले तर सगळं टॅक्समध्येच जातं’ हे मी तीन वेगवेगळ्या स्वयंपाकघरांत ऐकलंय. मर्यादेवरच्या पौंडातून २० पेन्स टॅक्स आणि ८ पेन्स इन्शुरन्स जातो, ७२ उरतात. मर्यादेखालच्या कमाईला कोणी हात लावत नाही.

मध्यंतरी केअर होमच्या मॅनेजरनं शनिवारची आठ तासांची पाळी विचारली. मी कपाटाला टेकून हिशोब केला : तेव्हाच्या १२.२१ च्या दरानं ९७.६८, त्यातले हातात सत्तर, पेन्शनचं सोडून. पाळी घेतली, आणि जेवणाच्या सुट्टीत ॲपमध्ये अंदाज बदलला.