तेल मोजून, बी चावून

काशीगावच्या वस्तीत, जनतानगरला असो की काशी चर्चच्या बाजूला, किराणा दुकानात उभे राहिले की समोर तेलाच्या पिशव्यांची रांग दिसते. सूर्यफूल, सोयाबीन, शेंगदाणा, सरकी, मोहरी, पामतेल. भावात मोठा फरक. आपल्या माता-भगिनी नेहमी एकच प्रश्न विचारतात की यातले चांगले कोणते? महाग ते चांगले आणि स्वस्त ते वाईट, असे बहुतेकांनी मनाशी धरलेले असते. पण याचे उत्तर पिशवीवर नाही, ज्या बीमधून तेल निघाले त्या बीमध्ये आहे. म्हणून आज बीपासूनच सुरुवात करू.

बी म्हणजे रोपाच्या बाळाची शिदोरी. जमिनीतून अंकुर वर येऊन पाने फुटेपर्यंत त्याला स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. तेवढ्या दिवसांसाठी झाडाने बीमध्ये तेल, प्रथिने, थोडे पिठूळ पदार्थ, खनिजे आणि जीवनसत्त्वे बांधून दिलेली असतात. १०० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे ४० ग्रॅम तेल आणि २५ ग्रॅम प्रथिने असतात. तिळात तेल ४३ आणि प्रथिने १८. जवसात तेल ३७ आणि प्रथिने २०. कारळ्यात तेल ३९ आणि प्रथिने २४. सोयाबीनचे उलटे आहे. त्यात तेल २० च्या आतबाहेर, पण प्रथिने ४० च्या वर.

आता हे बी घाण्यात घातले की काय होते? तेल खाली येते आणि बाकी सगळे पेंडीत राहते. प्रथिने पेंडीत, चोथा पेंडीत, कॅल्शियम आणि लोहही पेंडीतच. ती पेंड म्हशीला जाते. बाटलीत येते ती निव्वळ चरबी आणि थोडे ई जीवनसत्त्व. म्हैस धट्टीकट्टी का असते, याचे अर्धे उत्तर इथेच मिळते! तेल कुठलेही घ्या, एका ग्रॅममागे ९ कॅलरी मिळतात. त्यात महागाचे आणि स्वस्ताचे असा भेद नाही.

मग तेलातेलात फरक कशाचा? तेलाचा प्रत्येक कण म्हणजे ग्लिसरॉलची एक आखूड दांडी आणि तिला लटकलेल्या तीन लांब शेपट्या. या शेपट्यांना मेदाम्ले म्हणतात. काही शेपट्या खराट्याच्या हिरासारख्या सरळ असतात. त्या एकमेकींना चिकटून दाट बसतात, म्हणून तशी चरबी थंडीत गोठते. ही संपृक्त मेदाम्ले. काही शेपट्यांना एका ठिकाणी बाक असतो, काहींना दोन-तीन ठिकाणी. वाकडे हीर नीट रचून बसत नाहीत, म्हणून ते तेल पातळ राहते. ही असंपृक्त मेदाम्ले. जेवणात संपृक्त चरबी फार झाली की रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढते. तिच्या जागी असंपृक्त आली की ते उतरते. हृदयाच्या दृष्टीने तेलाची परीक्षा मुख्यतः यावरच होते.

खोबरेल जवळजवळ ९० टक्के संपृक्त आहे, म्हणून डिसेंबरात बाटलीत थिजते. पामतेल निम्मे संपृक्त. (हे बीचे तेल नाही, फळाच्या गराचे आहे, आणि ते बहुतेक इंडोनेशिया-मलेशियातून येते.) करडईच्या तेलात दोन बाकांचे लिनोलेइक आम्ल ७५ टक्क्यांच्या आसपास असते. सूर्यफुलात ते साठीच्या घरात आणि सोयाबीनमध्ये पन्नाशीच्या वर. शेंगदाण्याच्या तेलात एका बाकाचे ओलेइक आम्ल निम्म्याच्या जवळपास, म्हणून ते तापायला टिकाऊ. मोहरीच्या तेलात एरुसिक नावाचे आम्ल बरेच असते, म्हणून बारा महिने तेच एक तेल न वापरता दुसऱ्याशी आलटून-पालटून वापरलेले बरे.

सरकीचा वेगळा उल्लेख करायला हवा, कारण विदर्भ-मराठवाड्यातून इकडे आलेल्या आपल्या कितीतरी घरांनी कापूस वेचला आहे. सरकीत गॉसिपॉल नावाचे पिवळे विष असते. कपाशीचे झाड त्याच्या बळावर किडींपासून स्वतःला वाचवते. म्हणून कच्ची सरकी माणसाने खाऊ नये. तेल शुद्ध करताना ते निघून जाते, तेव्हा रिफाइन्ड सरकी तेलाला घाबरण्याचे कारण नाही. बाजारातले बरेचसे वेफर आणि फरसाण त्यातच तळलेले असते.

एका गोष्टीला मात्र घाबरायलाच हवे आणि तिचा इतिहास आपल्या मुंबईतलाच आहे. १९३२ मध्ये शिवडीच्या कारखान्यात वनस्पती तूप बनू लागले आणि १९३७ मध्ये ते डालडा या नावाने घरोघरी गेले. पातळ तेलात हायड्रोजन वायू घालून वाकड्या शेपट्या सरळ करायच्या, म्हणजे तेल तुपासारखे घट्ट होते, अशी ही युक्ती. गरिबाला तुपाचा आनंद मिळाला हे खरे. पण या प्रक्रियेत काही शेपट्या अर्धवट, चुकीच्या बाजूने सरळ होतात. त्यांना ट्रान्स फॅट म्हणतात. ती वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात आणि चांगले कोलेस्टेरॉल घटवतात, म्हणजे दुहेरी नुकसान. आपल्या देशात तेल आणि वनस्पतीमधील ट्रान्स फॅटची मर्यादा २०२१ मध्ये ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के करण्यात आली. तरीही खारी, नानकटाई, क्रीम रोल यांच्या पुड्यावर "हायड्रोजनेटेड" किंवा "वनस्पती" असा शब्द दिसला तर तो पुडा मुलांच्या रोजच्या चहाला नको.

आता मापाचे बोलू, कारण बहुतेक घरांत गडबड तेलाच्या जातीपेक्षा मापात असते. बसून काम करणाऱ्या प्रौढाला दिवसाला वरून घेतलेले तेल २० ते २५ ग्रॅम पुरते, म्हणजे चहाचे चार-पाच चमचे. बांधकामावर किंवा हमालीत राबणाऱ्याला ३० ते ४० ग्रॅम चालते. या हिशेबाने पाच माणसांच्या घराला महिन्याला साडेतीन ते चार लिटर पुष्कळ झाले. घरात महिन्याला सहा-सात लिटर जात असेल तर तेल बदलण्याआधी पळी बदला. पिशवी थेट कढईवर उपडी करायची सवय सोडून चमच्याने घाला. एवढ्यानेही फरक पडतो आणि पैसे वाचतात.

रोजच्या कमाईवर चालणाऱ्या घरात वीस रुपयांचे सुटे तेल आणले जाते. त्यांची अडचण खरी आहे. पण सुट्या तेलावर बंदी का आली, ते माहीत असावे. ऑगस्ट १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेले. पिवळा धोत्रा आपल्याकडेही रेल्वेच्या कडेला आणि पडीक जागेत उगवतो. काटेरी पाने, पिवळे फूल, खुडले की पिवळा चीक. त्याची बी दिसायला हुबेहूब काळ्या मोहरीसारखी. तिच्या तेलात सँग्विनारिन नावाचे विष उतरते. पाय सुजतात, धाप लागते आणि हृदय निकामी होते. त्या वेळी साठहून अधिक माणसे दगावली आणि सुमारे तीन हजार आजारी पडली. त्यानंतर सप्टेंबर १९९८ मध्ये केंद्र सरकारने खाद्यतेल बंद पॅकिंगमध्येच विकावे, असा आदेश काढला. सुट्या तेलात काय मिसळले आहे हे रंगावरून किंवा वासावरून घरी ओळखता येत नाही. पैशांची अडचण असेल तर चार-पाच घरांनी किंवा बचत गटाने मिळून पाच लिटरचा सीलबंद कॅन घ्यावा आणि आपापल्या स्वच्छ बाटलीत वाटून घ्यावा. लिटरमागे स्वस्तही पडतो.

पिशवी घेताना वजन वाचा. एक लिटर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते. हल्ली ८०० किंवा ८५० ग्रॅमच्या पिशव्याही तशाच दिसतात आणि आपण लिटर समजून उचलतो. "कोलेस्टेरॉल नाही" असे मोठ्या अक्षरात लिहिलेले असेल तर त्यासाठी चार पैसेही जास्त देऊ नका. कोलेस्टेरॉल प्राण्यांच्या चरबीत असते, कुठल्याही वनस्पती तेलात ते नावापुरतेच असते. लाकडी घाण्याच्या तेलाचेही तसेच. वास छान, ई जीवनसत्त्व थोडे जास्त, पण चरबी तीच आणि भाव दुप्पट. परवडत असेल तर घ्या. परवडत नसेल तर मनाला लावून घेऊ नका.

तळणीचे तेल हा वेगळा विषय आहे. वाकड्या शेपट्यांचे जे बाक असतात, त्या जागी हवेतला प्राणवायू चिकटतो. तापवले की हे भराभर होते. तेल काळे, घट्ट, फेसाळ होते, खवट वास येतो आणि घातक पदार्थ साठत जातात. १ जुलै २०१८ पासून नियम असा आहे की असे बिघडलेले घटक २५ टक्क्यांच्या वर गेले तर ते तेल वापरायचे नाही. वडापावच्या गाडीवर मोजायला यंत्र नसते, तेव्हा आपण कढई बघावी. तेल काळे आणि फेसाळ दिसले तर पुढे चालू पडावे.

१४ एप्रिलच्या भोजनदानात किंवा वर्षावासाच्या कार्यक्रमात पुऱ्या-भजी तळून झाल्यावर कढईत चार-पाच लिटर तेल उरते. ते पुढच्या कार्यक्रमासाठी डब्यात भरून ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ती बंद करावी. उरलेले तेल गार झाले की गाळून घरोघरी थोडे थोडे वाटावे, भाजीच्या फोडणीला एक-दोन दिवसांत संपवावे, पुन्हा तळणीला घेऊ नये. मुळात कढई लहान घेतली तर उरतच नाही.

आता पुन्हा बीकडे येऊ. तेलावरचे जे पैसे वाचतील ते पेंडीत जाणाऱ्या भागावर घालायचे, म्हणजे अख्खे बी खायचे. जालना, परभणी, बुलढाणा, अकोल्याकडच्या आपल्या आजींना हे कोणी शिकवले नव्हते, तरी भाकरीबरोबर जवसाची, कारळ्याची, तिळाची चटणी असायचीच. शहरात आलो आणि तिच्या जागी फरसाण आले.

जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग तीन बाकांच्या ओमेगा-३ आम्लाचा असतो. हे आम्ल शरीर स्वतः बनवू शकत नाही आणि आपल्या इतर बहुतेक तेलांत ते फारच कमी असते. आपल्यातले रंगारी आणि सुतार लाकडाला बेलतेल लावतात, ते जवसाचेच तेल. ते हवेत सुकून कडक का होते? कारण तीन बाक असल्यामुळे ते प्राणवायू झपाट्याने घेते. नेमक्या याच कारणाने जवसाची पूड लवकर खवट होते. म्हणून जवस मंद आचेवर हलके भाजा, आठ दिवसांपुरतेच कुटा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. अख्खे गिळलेले जवस बहुधा जसेच्या तसे बाहेर पडते, कुटणे जरुरीचे आहे. माणशी रोज दोन चहाचे चमचे चटणी पुरे. रंगकामाचे तेल मात्र चुकूनही खाण्यात येऊ देऊ नका.

तीळ घेताना पांढरेशुभ्र पॉलिशचे न घेता सालासकट घ्या. १०० ग्रॅममध्ये हजार मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, ते बरेचसे सालात. ते सगळेच अंगी लागत नाही, तरी दूध न परवडणाऱ्या घराला हा चांगला आधार आहे. मुलांना डब्यात मूठभर भाजलेले दाणे द्या. अगदी लहानग्यांना अख्खे दाणे नकोत, घशात अडकतात. त्यांना कूट द्या. आणि दाणे निवडून घ्या. काळपट, सुरकुतलेले, बुरशी धरलेले दाणे स्वस्त मिळतात म्हणून चटणीत ढकलू नका. त्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन असते, ते यकृत खराब करते आणि भाजून किंवा शिजवून पूर्ण जात नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात घरे ओलसर राहतात. जून ते सप्टेंबर दाण्यांचा साठा करू नका, पंधरा दिवसांचेच आणा.

एक इशारा मुलांसाठी. वस्तीच्या कडेला, नाल्यावर, कुंपणाला एरंड आणि मोगली एरंड (काही जण चंद्रज्योत म्हणतात) वाढलेले असतात. एरंडाच्या बीत रिसिन नावाचे भयंकर विष आहे. ते प्रथिन असल्याने पेंडीत राहते, म्हणून औषधी एरंडेल तेल चालते पण बी चालत नाही. मोगली एरंडाचे विष तर तेलातही उतरते. त्याची बी आतून पांढरी, चवीला बदामासारखी लागते. मुले खेळता-खेळता फोडून खातात. महाराष्ट्रात शाळकरी मुलांना अशी विषबाधा वारंवार झाली आहे. पोटदुखी, उलट्या, जुलाब सुरू झाले तर घरगुती उपायात किंवा मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्यात वेळ घालवू नका. उरलेल्या बिया बरोबर घेऊन मुलाला सरळ रुग्णालयात न्या. एकाने खाल्ले असेल तर त्याच्याबरोबर खेळणाऱ्या बाकीच्या मुलांनाही लगेच विचारा.