गटचर्चेचे ध्वनिमुद्रण : अल्प खर्चातील साधनांची निवड

गावातील शेतकरी एकत्र बसून शेतीच्या अडचणींचा विचार करतात, तेव्हा पुस्तकांत सहसा न आढळणारे पुष्कळ ज्ञान त्या बैठकीत प्रकट होते. मुळशी तालुक्यासारख्या डोंगराळ व अतिपावसाच्या मुलखात खाचराखाचराचा स्वभाव निराळा असतो, आणि तो तेथे राबणाऱ्यासच नेमका ठाऊक असतो. हे ज्ञान बैठकीबरोबर विरून जाऊ नये म्हणून चर्चेचे ध्वनिमुद्रण करून ते मागाहून शब्दशः लिहून काढणे हितावह होय. परंतु साधन जितके महाग तितके काम चांगले, असा समज सर्वत्र आढळतो. तो खरा नाही. साधनाच्या किमतीपेक्षा बोलणारा व साधन यांमधील अंतर अधिक महत्त्वाचे असते. प्रस्तुत पाठात याचाच विचार केला आहे.

एका शब्दाचे मोल

समजा, भाताच्या वाणांविषयी चर्चा चालू आहे. एक वृद्ध शेतकरी सांगतो, ‘या खाचरात निमगरवा भातच साधतो.’ तो साधनापासून दूर बसला असल्याने ‘निम’ ही अक्षरे ऐकू येत नाहीत आणि लिहिणारा ‘गरवा’ असे लिहितो. गरवे वाण उशिरा पक्व होते. पाणी लवकर हटणाऱ्या खाचरात ते लावले तर पाऊस ओसरल्यावर ऐन फुलोऱ्यात पिकास ताण बसतो. चारसूत्री भात लागवडीतील १५ व २५ सेंटीमीटर ही अंतरे, किंवा ‘एकरी’ व ‘गुंठ्याला’ हे शब्द, यांच्या बाबतीतही असाच घोटाळा होऊ शकतो. अस्पष्ट मुद्रणावरून दिलेला सल्ला शेतकऱ्याच्या एका हंगामास भोवतो, हे कार्यकर्त्याने सदैव ध्यानी ठेवावे.

पूर्वीचे दोन प्रयोग

चर्चेची नोंद ठेवण्याची प्रथा या भागास नवी नाही. १९५६ साली फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. पुणे, नाशिक, कोल्हापूर, उत्तर सातारा व तत्कालीन अहमदनगर या पाच जिल्ह्यांतील १५० गावांत सुमारे वीस-वीस सभासदांची मंडळे आठवड्यातून दोनदा रेडिओवरील कार्यक्रम ऐकून चर्चा करीत. चर्चेचा वृत्तान्त लिहून केंद्राकडे पाठविला जाई आणि शंकांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून मिळत. लेखी वृत्तान्तामुळे गावाचा प्रश्न केंद्रापर्यंत पोचला, हे त्याचे मोठे यश होते. मात्र संक्षिप्त वृत्तान्तात बोलणाऱ्याचे मूळ शब्द टिकत नाहीत, ही त्याची स्वाभाविक मर्यादा होती.

दुसरा प्रयोग जात्यावरील ओव्यांचा होय. गी प्वातवाँ व हेमा राइरकर यांनी मुळशी-मावळातील स्त्रियांपासून आरंभ करून महाराष्ट्रभरातील एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. आधी त्या हाताने लिहून घेतल्या गेल्या. पुढे १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या सहकार्याने त्यांतील काही हजार ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले. आज ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या संकेतस्थळावर त्या वाचता व ऐकता येतात. वही व ध्वनी यांनी परस्परांस पूरक व्हावे, हा बोध यातून मिळतो.

अंतराचा हिशेब

मोकळ्या जागेत बोलणाऱ्याचे अंतर दुप्पट झाले की साधनापर्यंत पोचणारी ध्वनीची तीव्रता चौथाईवर येते. भोवतालचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. दहा माणसे प्रत्येकी दोन फूट जागा धरून गोलाकार बसली, तर वर्तुळाचा घेर वीस फूट होतो आणि मध्यभागी ठेवलेले साधन प्रत्येकापासून सुमारे सव्वातीन फुटांवर येते. वीस माणसे बसली तर हेच अंतर साडेसहा फुटांच्या जवळ जाते, म्हणजे आवाज चौथाई होतो. यास्तव एका साधनाभोवती आठ ते दहाच माणसे बसवावीत. संख्या अधिक असल्यास दोन गट करावेत किंवा दोन साधने लावावीत.

साधने व त्यांचा खर्च

१. हातातील फोन : पहिली निवड हीच असावी, कारण तीत नवा खर्च नाही. बैठकीपूर्वी फोन ‘विमान’ स्थितीत ठेवावा, म्हणजे मध्येच येणारा फोन मुद्रण खंडित करणार नाही. गोंगाट गाळण्याची सोय असल्यास ती बंद करावी. ती दूरच्या माणसाचा आवाजही गोंगाट समजून पुसून टाकते.

२. तारेचा लहान माईक : हा साधारणतः पाचशे ते दीड हजार रुपयांत मिळतो. तो एकाच्या गळ्याशी लावण्यासाठी बनविलेला असला, तरी चहूबाजूंचा आवाज घेणारा असल्यास वर्तुळाच्या मध्यभागी ठेवून चर्चेसाठीही वापरता येतो. एकाच दिशेचा आवाज घेणारा माईक गटासाठी निरुपयोगी होय. अलीकडील कित्येक फोनांस गोल छिद्र नसते. तेव्हा माईक आपल्या फोनला जोडून, बोलून व ऐकून मगच खरेदी करावा.

३. स्वतंत्र रेकॉर्डर : साधारणतः चार ते दहा हजार रुपयांत मिळणारे हे साधन वरचेवर बैठका घेणाऱ्यांसच परवडते. दोन माईक असलेल्या रेकॉर्डरचा विशेष लाभ असा की, दोन्ही कानांस इअरफोन लावून ऐकताना कोण डाव्या अंगास व कोण उजव्या अंगास बोलले ते ओळखता येते. एका गावात दोन-चारच बैठका होणार असतील तर रेकॉर्डर सामाईक घ्यावा.

बिनतारी माईकांची जोडी दोघांच्या मुलाखतीस ठीक. दहा जणांच्या चर्चेस ती पुरी पडत नाही. त्याऐवजी दुसऱ्या कोणाचा फोन वर्तुळाच्या दुसऱ्या अंगास ठेवून एकाच वेळी मुद्रण करावे. आरंभी एक टाळी वाजवावी, म्हणजे दोन्ही मुद्रणे मागाहून जुळविणे सुलभ जाते. एक मुद्रण बिघडले तरी दुसरे हाती राहते.

जागा व बैठक

पत्र्याच्या छपराखाली आषाढातील पाऊस कोसळू लागला की कोणतेही साधन चालत नाही. म्हणून कौलारू ओसरी किंवा बंद खोली निवडावी; जमल्यास लावणी आटोपल्यावरची उघडीप साधावी. रिकाम्या, गिलावा केलेल्या खोलीत आवाज घुमतो. तेथे सतरंज्या व घोंगड्या अंथरल्याने घुमणे काहीसे कमी होते. पंखा बंद ठेवावा. साधन उघड्या लाकडी मेजावर न ठेवता घडी केलेल्या पंचावर ठेवावे, म्हणजे कपबशी वा हाताचा धक्का मुद्रणात उतरत नाही.

चर्चेस आरंभ करण्यापूर्वी ध्वनिमुद्रण कशासाठी होत आहे व ते कोण ऐकणार हे स्पष्ट सांगून सर्वांची संमती घ्यावी. कर्ज, बांधाचा तंटा यांसारखा विषय निघाला आणि कोणी नको म्हटले, तर मुद्रण तत्काळ थांबवावे. विश्वास गेला की पुढील बैठकीत कोणी मोकळेपणाने बोलत नाही.

प्रत्येकाने प्रथम आपले नाव सांगावे, एका वेळी एकानेच बोलावे, आणि एका कार्यकर्त्याने वहीत बोलणाऱ्यांचा क्रम व प्रत्येकाचे पहिले दोन-तीन शब्द टिपावेत. या वहीस दहा-वीस रुपये पडतात; परंतु आवाजावरून माणूस ओळखण्याचे जे काम महागड्या यंत्रासही कठीण जाते, ते ही वही करते.

मुद्रणाची साठवण व लेखन

दाब न देता, ‘वेव्ह’ प्रकारात, एकमार्गी व उत्तम प्रतीचे मुद्रण तासाला सुमारे ३२० मेगाबाइट जागा घेते; म्हणजे ३२ गिगाबाइटच्या कार्डात सुमारे शंभर तास मावतात. जागा अपुरी असल्यास १२८ किलोबिटचे ‘एमपी३’ मुद्रण तासाला सुमारे ५८ मेगाबाइटांत होते व लेखनासाठी ते पुरेसे असते. त्याच दिवशी गाव, विषय व तारीख यांनुसार नाव देऊन दोन ठिकाणी प्रती ठेवाव्यात.

स्पष्ट अशा एका तासाच्या मुद्रणाच्या लेखनास चार ते सहा तास लागतात. अनेकांचे आवाज एकमेकांत मिसळले असल्यास त्याहून अधिक. २०२२ साली भारत सरकारने सुरू केलेल्या ‘भाषिणी’सारख्या उपक्रमांमुळे मराठी बोलणे यंत्राद्वारे लिहून घेणे आता शक्य झाले आहे. तथापि मावळी बोली, वाणांची नावे व मिसळलेले आवाज यांत यंत्र चुकते. यास्तव आकडे, मापे व वाणांची नावे मूळ मुद्रण ऐकून ताडून पाहावीत आणि तयार झालेले लेखन गटास वाचून दाखवावे. जे ऐकू आले नाही तेथे ‘अस्पष्ट’ असे लिहावे. अंदाजाने शब्द भरू नये.

खर्चाचा क्रम

सारांश, प्रथम जागा व बैठक सुधारावी. त्यास पैसा लागत नाही. नंतर वही व साधे इअरफोन घ्यावेत, त्यानंतर तारेचा माईक, आणि बैठका नियमित होऊ लागल्यावरच रेकॉर्डरचा विचार करावा.

सराव : पुढील बैठकीपूर्वी फोन मध्यभागी ठेवून प्रत्येकाने आपले नाव, भाताचे वाण व गुंठ्यांत क्षेत्र सांगावे. हे मुद्रण बैठकीस नसलेल्या माणसास इअरफोनवर ऐकवून लिहावयास सांगावे. त्याच्या लेखनात एकही वाण वा आकडा चुकला, तर खरेदीस न जाता वर्तुळ आणखी लहान करून पुन्हा परीक्षा घ्यावी.