दोन नोंदी जुळत नाहीत तेव्हा



घराण्याची वंशावळ मांडू लागलेल्या अभ्यासकाला एकाच पूर्वजाविषयी परस्परविरोधी नोंदी हमखास सापडतात. अशा वेळी सोयीची नोंद उचलणे आणि जुनी आहे म्हणून एखादी नोंद खरी धरणे, हे दोन्ही मार्ग त्याने टाळावेत. नोंद कोणी केली, घटनेनंतर किती काळाने केली, माहिती कोणी दिली आणि ती कोणत्या कामासाठी लिहून घेतली, हे तपासल्यावाचून कोणत्याही कागदाची साक्ष मानू नये.

ठाणे-कल्याण भागातील खेड्यांत जन्ममृत्यूची नोंद गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात, होत असे. शाळेत नाव घालताना मात्र जन्मतारीख ठाऊक नसल्यास मास्तर अंदाजाने १ जून लिहीत, कारण शाळा जूनमध्ये सुरू होई. म्हणून जन्मदिवसासाठी कोतवाल बुक अधिक विश्वसनीय ठरते. परंतु त्यात पुष्कळदा बालकाचे नाव नसून केवळ बापाचे नाव व ‘मुलगा’ एवढेच असते, त्यामुळे ती नोंद लहानपणीच वारलेल्या थोरल्या भावाची नाही ना, याची खात्री करूनच ती स्वीकारावी.

काही विरोध मुळात विरोधच नसतात. शालिवाहन शकाचे वर्ष चैत्रात सुरू होत असल्याने चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८, तर जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. त्यामुळे जन्मपत्रिकेतील माघ शके १८२१ म्हणजे १९०० साल, १८९९ नव्हे. मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही, म्हणून केवळ तेवढ्या फरकावरून दोन माणसे कल्पू नयेत. तसेच अंधेरी-बोरिवलीकडील साष्टीची गावे १९२० पर्यंत ठाणे जिल्ह्यात होती आणि पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा झाला, हे ध्यानी ठेवल्यास ‘जिल्हा ठाणे’ एवढ्या उल्लेखावरून गाव चुकीचे ठरत नाही.

याउलट जिथे विरोध दिसत नाही, तिथेही सावध असावे. जुन्या कागदांत ‘गोविंदा बिन रामा’, म्हणजे रामाचा मुलगा गोविंदा, एवढीच ओळख असते, आणि आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल असल्याने दोन पिढ्यांतील दोन गोविंदा एकच समजले जाऊ शकतात. अशा वेळी जमिनीच्या फेरफार नोंदी, म्हणजे हक्क एकाकडून दुसऱ्याकडे गेल्याच्या नोंदी, उपयोगी पडतात. त्यांतील वारसनोंद मृत्यूनंतरच होत असल्याने तिच्या तारखेपूर्वी तो पूर्वज वारला होता, एवढे निश्चित म्हणता येते. मात्र १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापूर्वी मुलगे असताना मुलींना सामान्यतः वारसा मिळत नसे, म्हणून त्या काळच्या वारसनोंदीत मुलीचे नाव नाही, यावरून त्या घरी मुलगी नव्हती असा निष्कर्ष काढणे म्हणजे तिला दुसऱ्यांदा वगळणे होय.

माहिती कोणी दिली हे किती महत्त्वाचे, ते परदेशातील एका उदाहरणावरून कळते. स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून सक्तीची नागरी नोंदणी सुरू झाली, आणि तेथील मृत्युनोंदीत माहिती देणाऱ्याचे नावही असते. मृताच्या आईबापांची नावे जावयाने सांगितली असतील, तर ती मुलाने सांगितलेल्या नावांहून अधिक सावधपणे स्वीकारावी लागतात, कारण ज्याने ती पिढी पाहिलीच नाही त्याची माहिती ऐकीव असते. हाच विवेक आपल्याकडील कागदांनाही लावावा.

इतके करूनही निर्णय होत नसेल, तर वंशावळीत दोन्ही नोंदी त्यांच्या ठिकाणासह व तारखेसह लिहाव्यात, कोणती अधिक संभाव्य वाटते ते कारणासह सांगावे आणि प्रश्न उघडा ठेवावा. जातपडताळणीसाठी आज वंशावळ शपथेवर सादर करावी लागते, त्यामुळे अंदाजाला पुराव्याचे रूप देण्याचा मोह बळावतो. तो आवरणे हे पूर्वजांविषयीच्या आदराचे पहिले लक्षण आहे. ज्या अभ्यासकाने आपल्या शंका प्रामाणिकपणे लिहून ठेवल्या, त्याच्या कामावर पुढची पिढी विश्वासाने भर घालू शकते.